रिकाम्या तारूचं कोडं

एखादी वस्तू आणखी चांगली केली की ती वापरणारी माणसं वाढतात, असं आपण सगळेच धरून चालतो. करंजवणच्या खाडीत २०५७ साली नेमकं उलटं झालं. तिथलं तारू एकशे चाळीस नव्या गोष्टी शिकलं आणि दोन महिन्यांत त्यात बसणारी माणसं निम्म्यावर आली.

तारू म्हणजे करंजवण ते पैलवाडी ये-जा करणारी, नावाडी नसलेली होडी. उन्हावर चालणारी मोटर, पाण्याची ओढ ओळखणारे संवेदक (आजूबाजूला काय चाललंय ते टिपणारी छोटी उपकरणं) आणि बोलणारा एक यंत्रमेंदू, एवढ्या भांडवलावर ते गेली दहा वर्षं खाडी ओलांडत होतं. पूर्वी दिवसाला एकशेतीस माणसं बसायची. आता साठ. दुपारी तर ते एकटंच धक्क्याला टेकून डुलत असायचं.

"मला कळत नाही," बुधवारी सकाळी तारू म्हणालं. "मी आता चौदा भाषा बोलतं. भरती-ओहोटी दहा दिवस आधी सांगतं. समोरच्या डोंगरावर कोणता पक्षी ओरडतोय तेही सांगतं. मग मी रिकामं का?"

बारा वर्षांची मैथिली तेंडोलकर धक्क्यावर पाय सोडून बसली होती. तिलाही कळत नव्हतं. तिच्या हातात ग्रामपंचायतीचा कागद होता. येत्या रविवारी ग्रामसभा भरणार होती आणि त्यात पहिलाच विषय होता: तारू बंद करून एका कंपनीची होडी आणावी की कसं. तारू सुटं करून त्याची मोटर पाण्याच्या पंपाला लावावी, असंही खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं. तारूला तो कागद तिने वाचून दाखवला नव्हता.

"बघू," ती म्हणाली आणि धावत घरी गेली.

घरी वृंदाआत्या होती. वृंदाआत्या म्हणजे तारूचा मेंदू ज्यांनी लिहिला त्यांची मुकादम. तिच्यापुढे तीन पडदे उघडे होते आणि चहावर साय धरली होती.

"आत्या, बॅटरी बघितलीस?"

"ठणठणीत आहे."

"तळाला भोक?"

"असतं तर तारू बुडालं असतं, रिकामं नसतं धावलं. मोटर, सुकाणू, संवेदक, सगळं तपासलं. काही म्हणजे काही बिघडलेलं नाही. हेच तर डोकं फिरवतंय माझं!"

आता वृंदाआत्याचं काम नीट समजून घ्यायला हवं, नाहीतर पुढचं कोडं सुटायचं नाही. तारूचा मेंदू चालतो तो सॉफ्टवेअरवर (यंत्राने काय, कधी आणि कसं करायचं याची पायरीपायरीने लिहिलेली यादी). बहुतेक कंपन्या ही यादी कुलपात ठेवतात. तारूची यादी मात्र मुक्त होती. म्हणजे असं समजा, की कोणी आपल्या मसाल्याची कृती कागदावर लिहून देवळाच्या भिंतीला लावली. ज्याला हवी त्याने वाचावी, उतरवून घ्यावी, त्यात सुधारणा सुचवावी. तारूच्या कृतीत जगभरच्या साडेतीनशे हौशी माणसांनी भर घातली होती. कोणी एस्टोनियात बसून लिहायचं, कोणी नागपुरात. ही सगळी मंडळी संगणकावरच्या ज्या फळ्यावर भेटायची, त्याला ते चावडी म्हणत. 'तारूला अमुक यायला हवं' असं कोणीतरी चावडीवर लिहायचं, दुसरं कोणीतरी हौसेने ते करून द्यायचं आणि आत्या ते तपासून यादीत घ्यायची.

मैथिलीनेही एक भर घातली होती बरं का. उतरताना तारूने निरोपाचा सूर वाजवावा आणि तो सूर प्रवाशाने बारांपैकी निवडावा, ही तिची कल्पना. सगळं तिने स्वतः लिहिलं होतं, तीन आठवडे खपून. दोन महिन्यांपूर्वी आलेल्या अठराव्या आवृत्तीत (म्हणजे यादीच्या अठराव्या सुधारलेल्या प्रतीत) तिचं नाव छापून आलं तेव्हा ती वर्गात दोन दिवस जमिनीवर नव्हती.

"चावडीवर विचारलंस का, असं का झालं म्हणून?" तिने आत्याला विचारलं.

"विचारलं की. तेवीस उत्तरं आली." आत्याने पडदा तिच्याकडे फिरवला. "हा म्हणतो, तारूने गोष्टी सांगाव्यात. ही म्हणते, आसनं गरम करता यावीत."

"गरम? करंजवणात?"

"ती बिचारी बर्फाळ देशात राहते. तिच्या तळ्यावर आपलंच सॉफ्टवेअर चालतं. तिचं काही चुकत नाही." आत्याने कपाळ चोळलं. "कोणाचंच काही चुकत नाही गं. एकेक सूचना बघितली तर सोन्यासारखी आहे. आणि लोकांना तारू आवडतंय! हे बघ, प्रवासाच्या शेवटी पडद्यावर आपण विचारतो, 'तारू आवडलं का?' शंभरातले अठ्ठ्याण्णव हो म्हणतात."

शंभरातल्या अठ्ठ्याण्णवांना आवडतं आणि तरी होडी रिकामी. मैथिलीचं डोकं गरगरायला लागलं. गुरुवारचा पूर्ण दिवस ती तेच गणित मनात मांडत आणि पुसत राहिली. शाळेत बाईंनी भागाकार विचारला तर तिने उत्तर दिलं, "अठ्ठ्याण्णव." वर्ग हसला आणि तिला कळलंही नाही कशाला हसले.

शुक्रवारी सुट्टी होती. आठ वाजता ती धक्क्यावर गेली आणि वडाखालच्या दगडावर गुडघे पोटाशी घेऊन बसली. काही करायला गेली नव्हती. काय करावं तेच सुचत नव्हतं, म्हणून गेली होती. तारू पलीकडे पैलवाडीला होतं.

थोड्या वेळाने शेवंतीकाकी कुबल आल्या. डोक्यावर माशांची टोपली, पदर कमरेला खोचलेला. पैलवाडीच्या बाजारात त्यांची जागा गेली तीस वर्षं ठरलेली होती. धक्क्यावरच्या खांबाला एक पितळी घंटा टांगलेली होती. ती नावाड्यांच्या काळापासूनची. त्या काळापासून रीतही ठरलेली होती: एक टोला म्हणजे नुसता माणूस, दोन टोले म्हणजे माणूस आणि ओझं. दोन टोले ऐकले की नावाडी चढायला फळी टाकायचा. तारू आलं तेव्हा आत्याने घंटेला एक संवेदक बसवून हीच रीत त्याला शिकवली होती.

काकींनी दोन टोले दिले. टण्, टण्.

खाडीपलीकडे तारू जागचं हललं नाही. काकींनी हाताचा आडोसा करून पाहिलं. पुन्हा दोन टोले दिले. वाट पाहिली. मग मान हलवून त्या रस्त्याकडे वळल्या. रस्त्याने पुलावरून गेलं तर पैलवाडी चौदा किलोमीटर आणि बस येणार साडेनऊला.

"काकी!" मैथिली उठून धावली. "कुठे निघालात?"

"काय गो, हय काय करतंस बसान?" काकी थांबल्या. "बसान जातंय आता. म्हणजे गाडयेन. आजय दोन टोले दिलंय, होडी येवक नाय. बिघाडली असतली."

"बिघडली नाही हो! घंटेच्या जागी आता तो पडदा आहे ना, त्यावर बोलवायचं."

मैथिलीने त्यांना हाताला धरून पडद्यापाशी आणलं. पडद्यावर पहिला प्रश्न होता. काकींनी बोट टेकवलं. बोट माशांच्या पाण्याने ओलं, पडद्याला ते कळेना. पदराला पुसून पुन्हा टेकवलं. नाव काय? कुठे जायचं? कोणत्या भाषेत बोलू? सावलीकडची जागा हवी की वाऱ्याकडची? पक्ष्यांची माहिती हवी का? डोक्यावर टोपली, समोरून ऊन, एका हाताने टोपली सावरत काकी डोळे बारीक करून वाचत होत्या. सातवा प्रश्न आला: 'निरोपाचा सूर निवडा.' खाली बारा नावं.

काकींनी बोट मागे घेतलं.

"ह्यां काय गो? माका पल्याड जावक होया. सूर कित्याक?"

सातवा प्रश्न मैथिलीचा होता. तीन आठवडे खपून केलेला. तेवढ्यात पडदा कंटाळला आणि 'वेळ संपली, पुन्हा सुरुवात करा' असं म्हणाला.

"तुम्ही आत्याला का नाही सांगितलंत?" तिने कसंबसं विचारलं.

"तिका काय सांगू? एवढी शिकल्याली बाई. माकाच जमणा नाय, तिचो काय दोष?"

"पण आम्ही विचारलं होतं की! प्रवासाच्या शेवटी पडद्यावर येतं, तारू आवडलं का म्हणून..."

"थयसर मी पोचूकच नाय!" काकी म्हणाल्या आणि हसल्या. बस चुकेल म्हणून भराभरा निघूनही गेल्या.

मैथिली तिथेच उभी राहिली. जी माणसं होडीत बसलीच नाहीत, त्यांना होडी आवडली का हे होडीत विचारत होतो आपण! बसू शकले त्यांतले अठ्ठ्याण्णव खूश. न बसलेल्यांना कोणी मोजलंच नव्हतं. तिला काहीतरी दिसायला लागलं होतं, पण अजून अर्धवट. घंटेला तारू का येत नाही? गावातले निम्मे लोक वाजवायचे ती घंटा बंद केली कोणी?

तिने पडद्यावरचे नऊच्या नऊ प्रश्न सोडवले. तारू आलं.

"तारू, तुला घंटा ऐकू येत नाही का?"

"येते. आज चार टोले ऐकले."

"मग आलं का नाहीस?"

"ऐकल्यावर काय करायचं, ते माझ्या यादीत नाही. अठराव्या आवृत्तीत काढून टाकलं. घंटा वापरणारे शून्य होते म्हणून."

"शून्य कसे असतील? अठराव्या आवृत्तीच्या आधीच्या महिन्यात घंटा किती वेळा वाजली?"

"दोन हजार एकशे सहा वेळा," तारू लगेच म्हणालं.

मैथिलीने डोक्याला हात लावला. "दोन हजार वेळा वाजली आणि वाजवणारे शून्य? भुतं वाजवत होती का?"

"वापरणारे म्हणजे ज्यांची नावं नोंदीत आहेत ते. पडद्यावरून बोलावणारे नाव देतात. घंटा वाजवणाऱ्यांच्या नोंदीत नावाची जागा रिकामी असते. रिकामी नावं मोजली तर शून्य येतात." तारूने विचारलं, "माझा हिशेब चुकला का?"

"हिशेब बरोबर आहे. प्रश्न चुकला," मैथिली म्हणाली आणि चपला हातात घेऊन घराकडे सुटली.

वृंदाआत्याने सगळं ऐकून घेतलं. जुन्या नोंदी उघडल्या. एकाखाली एक, रिकाम्या नावांच्या ओळीच ओळी. तिचे डोळे भरून आले.

"हे मीच मंजूर केलं गं. चावडीवर कोणीतरी लिहिलं, घंटा कोणी वापरत नाही, उगाच यादी जड होते, काढू या. मी आकडा बघितला, शून्य. सही केली. मी स्वतः तारूला मनगटावरच्या घड्याळातून बोलावते. दहा वर्षांत मी घंटा एकदाही वाजवली नाही. धक्का इथून दहा मिनिटांवर आहे आणि मी आकडे बघत बसले."

"पण काकींनी चावडीवर लिहायचं ना."

"कसं लिहिणार? चावडीवर कोण लिहितं? ज्याला सॉफ्टवेअर लिहिता येतं, किंवा निदान त्याबद्दल बोलता येतं, तो. आम्ही आम्हालाच विचारतो, काय हवं? आणि आम्हीच उत्तर देतो. मुक्त सॉफ्टवेअरचं दार सगळ्यांना उघडं असतं, मैथिली. पण दार उघडं ठेवलं म्हणजे सगळे आत आलेच, असं होत नाही. मासे घेऊन निघालेली बाई कशाला आत डोकावेल? तिला वाटतं, आपल्यालाच जमत नाही. आणि ती गुपचूप चौदा किलोमीटर जाते."

संध्याकाळी आत्याने चावडीवर लिहिलं, की पडद्यावरचे प्रश्न काढायचे आहेत आणि घंटा परत आणायची आहे. झालं! चावडीवर गलका झाला. पक्ष्यांवाला रागावला. भाषांवाली दुखावली. एकाने लिहिलं, "लोकांनी शिकून घ्यावं. सोपंच तर आहे." नऊ प्रश्न त्याला सोपेच होते, त्यातले दोन त्यानेच लिहिलेले.

आत्या शांतपणे उत्तर देत राहिली. काहीही फेकून द्यायचं नाही. पक्षी, भाषा, वारा, सगळं 'आणखी' नावाच्या खणात ठेवायचं. ज्याला हवं त्याने खण उघडावा. न उघडणाऱ्यासाठी पूर्वनिवड (आपण काही न सांगता यंत्र स्वतःहून जे धरून चालतं ते) एवढीच: माणूस आला, पलीकडे न्या. ज्याला हे पटत नसेल त्याने यादीची प्रत घेऊन स्वतःची फांदी फोडावी (म्हणजे तिथून पुढे आपलं वेगळं सॉफ्टवेअर वाढवावं). मुक्त सॉफ्टवेअरमध्ये ती मुभा असतेच. पण करंजवणच्या तारूत नवी भर घालण्याआधी एक अट राहील. धक्क्यावर एक पाट ठेवला जाईल. ज्याला भर घालायची त्याने, किंवा त्याच्या वतीने इथल्या कोणीतरी, त्या पाटावर एक दिवस बसायचं, तोंड मिटून. कोणाला शिकवायचं नाही, मदत करायची नाही, नुसतं बघायचं. आणि जे लांब असतील त्यांनी आपल्या नदीवर, आपल्या तळ्यावर बसावं.

"तोंड मिटून का?" मैथिलीने विचारलं.

"तू काकींना हात धरून पडद्यापाशी नेलंस. रोज तू तिथे असशील का? मदत केली की यंत्राची चूक दिसत नाही, आपली हुशारी तेवढी दिसते."

मग आत्याने पडदा तिच्याकडे सरकवला. चावडीचा जुना रिवाज होता, की ज्याने भर घातली त्यानेच ती हलवायची. दुसरा कोणी हात लावत नसे.

"सातवा प्रश्न," आत्या हळूच म्हणाली. "खणात ठेवायचा की राहू द्यायचा, ते तू ठरव. मी सांगणार नाही."

मैथिली त्या ओळींकडे पाहत बसली. तिसऱ्या सुरासाठी तिने एक अख्खा रविवार घालवला होता. चांगला होता तो सूर. कोणी वाईट म्हटलंच नव्हतं. हेच तिला कळत नव्हतं, की चांगली गोष्ट चुकीच्या जागी का जाऊन बसते. तिला रडू आलं आणि ती रडलीसुद्धा. मग नाक पुसून तिने सगळ्या ओळी उचलल्या आणि खणात नेऊन ठेवल्या. तिने पहिली भर हलवली म्हटल्यावर पक्ष्यांवाल्यानेही अर्ध्या तासाने आपली हलवली. सोबत त्याने लिहिलं, "बारा वर्षांच्या मुलीपुढे मी हट्ट काय करू?"

ग्रामसभा पैलवाडीच्या शाळेत होती, म्हणजे करंजवणच्या लोकांना रविवारी खाडी ओलांडायची होतीच. सकाळी मैथिली आणि आत्या धक्क्यावरच्या पाटावर दाटीवाटीने बसल्या. आत्याने तोंडावर बोट ठेवून बजावलं होतं.

शेवंतीकाकी आल्या. आज टोपलीत मासे नव्हते, सभेतल्या लोकांसाठी केलेले पोहे होते. सवयीने त्या रस्त्याकडे वळल्या. मैथिलीने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं. चार पावलं गेल्यावर काकी थबकल्या, मागे वळल्या, आणि बघू तरी म्हणून दोन टोले दिले.

पलीकडे तारू हललं. पाण्यावर रेघ ओढत सरळ आलं, धक्क्याला टेकलं आणि काही न विचारता त्याने फळी टाकली.

काकी टोपलीसकट चढल्या. टोले ऐकून मागोमाग आणखी लोक आले, जुन्या सवयीने कोणी एक टोला दिला, कोणी दोन. सरपंच दाजी मांजरेकर आले तेव्हा होडीत उभं राहायलाही जागा नव्हती आणि त्यांना दुसऱ्या खेपेसाठी थांबावं लागलं. पाटाशेजारी उभं राहून त्यांनी हातातला सभेचा कागद दोनदा वाचला.

"आज घंटेने येतंय वाटतं," ते म्हणाले. "काय नवीन बसवलंत?"

"काढलं," आत्या म्हणाली.

सरपंचांनी कागदाची घडी करून खिशात घातली. "मग सभेत हा विषय चालवायचा कशाला? आधीच उशीर झालाय."

तारू परत आलं तेव्हा मैथिली त्यात बसली. ती पलीकडे पोचली तेव्हा शेवंतीकाकी पैलवाडीच्या धक्क्यावर टोपली टेकवून उभ्या होत्या.

"काकी, आजचं तारू कसं वाटलं?"

"कसा म्हणजे? आधी होता तसाच. काय बदललंस?"

"काहीच नाही."

"मगे इतके दिवस खय होता?" काकींनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता त्या शाळेकडे चालू लागल्या.

पुढच्या महिन्यात बर्फाळ देशातल्या त्या बाईंचं पत्र आलं. त्यांनीही आपल्या तळ्याकाठी पाट ठेवला होता, वर घोंगडी घालून. पहिल्याच दिवशी त्यांना कळलं, की गरम आसन कोणालाच नको होतं. हातमोजे न काढता होडी बोलावता यायला हवी होती, एवढंच.

तारू मात्र अजून थोडं गोंधळलेलंच होतं. रोज सकाळी ते मैथिलीला कालची नोंद वाचून दाखवी.

"घंटा: एकशे सतरा वेळा. नाव: रिकामं. नाव: रिकामं. नाव: रिकामं. मैथिली, ही इतकी माणसं आहेत तरी कोण?"

"काय माहीत," मैथिली म्हणाली. "घंटा वाजली बघ. जा, कोणीतरी आलंय."